छेन्यावरचं पुस्तक

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे छेना दाबणं. शनिवारची संध्याकाळ. तिनं लिंबू पिळून दूध नासवलं, मी फडक्यात घेतलं. मी गाठ मारायचो तेव्हा ती गाठीवर बोट धरायची. मग वर पाट, आणि पाटावर ते पुस्तक.

पुस्तक आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयातलं. थोर कादंबरी. कलकत्त्यात तेव्हा मराठी घरं थोडी, पण ही कादंबरी वाचून न रडलेलं माणूस त्यांत सापडायचं नाही. निदान सगळे सांगायचे तसं. मी चौथी शिकलेला, खिदिरपूरच्या गोदीत क्रेनवर होतो, म्हणून ती मला मोठ्यानं वाचून दाखवायची. नायक नदीकाठी उभा. पानांमागून पानं गेली तरी उभाच. उडी मारत नाही, घरीही जात नाही.

"अहो, याला कुणीतरी जेवायला बोलवा," ती म्हणाली आणि पुस्तक मिटलं, ते मिटलंच.

पण शेजारच्या बंगाली बाईंनी तिला संदेश नावाची मिठाई करायला शिकवलं होतं. छेन्यावर वजन लागतं, आणि वरवंटा पाटावरून घरंगळायचा. पुस्तक जागचं हलायचं नाही. म्हणून ते आठ महिने आमच्याकडे राहिलं.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

मंडळात शोकसभा झाली. सेक्रेटरी बँकेतले साहेब, बदलीवर आलेले, बोलायला गोड. म्हणाले, "काकूंचा जीव त्या पुस्तकात होता. आठ महिने त्यांना ते परत करवलं नाही. दरवर्षी त्यांच्या आठवणीला आपण त्यातलं एक प्रकरण वाचू."

बिचारी जिवंतपणी कशीबशी सुटली होती. आता दरवर्षी तिच्या नावानं तो बाबा नदीकाठी उभा राहणार.

मी उठलो. "तिला आवडलं नव्हतं ते. रटाळ म्हणायची."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसा काका. दुःखात होतं असं."

दुःख होतंच. त्यानं रटाळ पुस्तक चांगलं होतं की काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध नासवलं. फडक्याचं एक टोक दातात धरून गाठ मारली, ती सैल बसली. पाट ठेवला, पुस्तक ठेवलं, पाणी निथळेपर्यंत समोर बसून राहिलो. मग वाटीत छेना आणि काखेत पुस्तक घेऊन साहेबांचं घर गाठलं.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मी तिला सगळं सांगितलं, पाटासकट. हसू दाबायला तिनं तोंडाला पदर लावला. साहेब आंघोळीला गेले होते, तरी तिनं मागे वळून पाहिलं.

"मलाही नाही हो झालं वाचून," ती हळूच म्हणाली. "द्या इकडे. सापडलंच नाही तर प्रकरण वाचतील कुठलं?"

मी पुस्तक दिलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिला फडकं कसं बांधायचं ते दाखवलं. गाठीवर बोट तिनं धरलं.