सोमाजी गुरुजी आणि ढोलाजवळची जागा

सोमाजी गुरुजींना मी प्रथम पाहिले ते आमच्याच दुकानाच्या ओट्यावर, माझ्या वडिलांशी वाद घालताना. आम्ही पोवार. चिचगडला वडिलांचे किराणा दुकान होते, थोडी धानाची शेती होती. गुरुजी स्वतः गोंड; नुकतेच गावच्या शाळेत बदलून आले होते आणि दर रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात गोंड मुलामुलींना रेला शिकवत होते. एकमेकांच्या कमरेत हात गुंफून, ढोलाभोवती अर्धवर्तुळात फिरत, गात गात करायचा हा नाच. गुरुजींची मुलगी सुमन माझ्याच वर्गात होती. तिच्या मागे मागे मीही तिथे जाऊ लागले होते, आणि ते घरी कळले होते.

"आमच्या घरच्या पोरी असं नाचत नाहीत, गुरुजी," वडील म्हणाले. "तुम्ही तिले कायले नादी लावून राहिले?"

गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "भाऊ, आमचे पोट्टे वर्गात स्वतःची बोली बोलाले लाजतात. तुमची नलू त्यांच्यापाशी बसून गोंडी गाणे शिकून राहिली. तिच्याकडे पाहून आमचे पोट्टे गाऊन राहिले. तिले नेऊ नका."

वडिलांनी होकार दिला नाही, पण मला पुन्हा अडवलेही नाही.

आज गुरुजींना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. या गौरवग्रंथात त्यांच्या रेल्याच्या बालपथकाविषयी अनेकांनी लिहिले असेल. गाणी मिळवण्यासाठी ते सायकलीने जंगलातल्या गावागावांत जात, म्हाताऱ्या बायांच्या दारात बसत, आणि ओळ नीट बसेपर्यंत उठत नसत. रेल्यात काही बदललेले त्यांना खपत नसे. एका कार्यक्रमात आयोजकांनी गाणे निम्मे करा, चमकीचे कपडे घाला, असे सुचवले. गुरुजींनी मुलांना गाडीत बसवले आणि परत आणले. मुले रडली. त्यांच्या या कडकपणाची आम्हाला भीती वाटे आणि अभिमानही वाटे.

सुमन पथकात सर्वांत पुढे असे. तिचा आवाज उठला की ओळच्या ओळ आपोआप हलू लागे. नववीत असताना, थंडीत, ती पाय दुखतात म्हणू लागली. मधेच थांबे, गुडघे चोळे. गुरुजी म्हणत, "सरावानं मोकळे होतात. चाल." ती पुन्हा ओळीत उभी राही. त्या हिवाळ्यात एका सकाळी ती उठलीच नाही. अंग दुखते म्हणून नुसती कण्हत होती. गोंदियाच्या दवाखान्यात नेल्यावर सिकलसेल या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचे नाव त्या घराने पहिल्यांदा ऐकले. काही दिवसांतच सुमन गेली.

गुरुजींनी ढोल घराच्या माळ्यावर टाकला. पथक बंद झाले. गुरुजी शाळेत शिकवत होते, वेळेवर येत होते, जात होते. पण पटांगणाच्या त्या बाजूने ते चालत नसत. मुले मोठी झाली, पांगली. मीही परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि योगायोगाने आमच्याच देवरी तालुक्यात एका आरोग्य उपकेंद्रात रुजू झाले.

एका सकाळी उपकेंद्राच्या दारात गुरुजी उभे दिसले. केस पांढरे झालेले. मागे चिचगडची लहान लहान मुले.

"नलूबाई, आधी या साऱ्याईचं रक्त पाह," ते म्हणाले. "मंग मी ढोल काढतो."

तपासण्या झाल्या. एका मुलीला तोच आजार निघाला. तिचे नाव इथे लिहीत नाही. तिची आई तिथेच तोंडाला पदर लावून म्हणाली, "गुरुजी, हिले घरी नेतो. हिचं आता काय काम?"

"नेऊ नको," गुरुजी म्हणाले. "ते मधात बसन, ढोलाजवळ. गाणं तेच उचलन. बाकीचे तिच्याभोवती नाचतीन."

गावात लोक नाराज झाले. एक वडीलधारे गृहस्थ सरळ घरी आले आणि म्हणाले, "गुरुजी, रेल्यात कोणी बसते का? हा आपला रेला नोहोय."

गुरुजी म्हणाले, "नसन. पण पोरीले उभी करून मी आता गाणं वाचवत नाही. एकदा वाचवलं."

पथक पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून ढोलाजवळची ती जागा कधी रिकामी राहिली नाही. तिथे बसणारे मूल बदलत गेले. ज्या घरांत पोरीचे लग्न अडेल म्हणून आजार झाकून ठेवत, त्या घरांतली मुले गुरुजींचे बोट धरून तपासणीला आली. मधात बसून गाणारी ती पहिली मुलगीही पुढे फार जगली नाही. तिच्या मातीला गुरुजी गेले होते.

आता पथकात थोडीच मुले उरली आहेत. लग्नात डीजे वाजतो, पोरे शिकायला बाहेर जातात, गोंडी घरातही कमी बोलली जाते. हा लेख लिहायचा म्हणून मागच्या रविवारी मी आता राहते त्या कुडव्याहून चिचगडला गेले. गुरुजींचे गुडघे धरले आहेत. ते खुर्चीत बसूनच ढोल वाजवतात. सुमनचे लिहू की नको, असे मी विचारले.

"लिही," ते म्हणाले. "तेच लिही. आन् मले शंभर वर्ष जग म्हणून लिहू नको. काऊन मागता मले लंबी उमर?"

एवढ्यात मुले आली. गुरुजींनी एकेकाला जवळ बोलावले, पायांवरून हात फिरवला आणि विचारले, "दुखून राहिलं का कोठी?" एका चिमुरडीने होकाराची मान हलवली. गुरुजींनी तिला उचलून ढोलाशेजारी बसवले, आपल्या खांद्यावरची शाल तिच्या पायांवर टाकली, आणि मगच ढोलावर हात ठेवला.

गुरुजी, तुम्ही नको म्हटले तरी आम्ही सारे तुमच्यासाठी निरोगी, दीर्घ आयुष्य मागतो. ढोलाशेजारची ती मुलगी अजून फार लहान आहे, तिला तुम्ही हवे आहात.