ओढणीखालचं बाळ

"सिस्टर, आज संध्याकाळपर्यंत बघते. नाहीतर पावडरचं दूध सुरू करू," राउंडला आलेल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या रूममध्ये गेल्या. प्राची रडायलाच लागली. मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरीला असलेली, पहिलटकरीण. तिला बाळाला अंगावरच पाजायचं होतं, आणि बाळाचं वजन तर रोज घसरत होतं.

नागपुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी बाळंतिणींच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. प्राचीला दूध होतं. गडबड होती लॅचची. लॅच म्हणजे बाळाची पकड. नुसतं टोक चोखून पोट भरत नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात जावा लागतो. मी बाळाला नीट लावून द्यायची, घोट ऐकू यायचे, मी बाहेर पडायची. परत येऊन बघते तर बाळ टोकावर आणि वरून ओढणी!

ओढणी टाकायच्या प्राचीच्या आई. मी काढली की त्या टाकायच्या. दुपारपर्यंत हाच खेळ. माझं डोकंच फिरलं.

"काकू, लेकरू आहे ते, चोरीचा माल नाही! त्याचं तोंड दिसल्याशिवाय हिला कळणार कसं?"

"नजर लागते वं सिस्टर. आमच्या घरी कोणी असं उघडं पाजत नाही."

आमच्या घरी सगळं उलटं. माझी मोठी वहिनी तूर निवडता निवडता पाजायची आणि आम्ही पोरं तिला टेकून पाढे म्हणायचो. कोणी शिकवलं नाही, पण ठाऊक होतं. म्हणूनच की काय, इतका साधा प्रश्न सुचायला मला दुपार झाली.

"प्राची, आजवर कोणाला पाजताना बघितलंयस?"

"नाही ना. मावशी पाजायला बसली की मला बाहेर पाठवायचे. व्हिडिओ खूप पाहिले, सिस्टर. पण त्यातली बाळं रडतच नाहीत."

संध्याकाळ जवळ येत होती. मी व्हीलचेअर मागवली. "चल, जनरल वॉर्डात."

"काहून? स्पेशल रूम काय तिथं जायले घेतली का आम्ही?" काकू तडकल्या. पण ओढणी घेऊन मागोमाग आल्याच.

खिडकीजवळच्या खाटेवर काटोलकडची एक बाई शेजारणीशी गप्पा हाणत पाजत होती. प्राची बघतच राहिली. "ताई, जवळून बघू का?"

"पाह्य ना वं, त्यात काय!" बाई सरकून बसली. "तू वाकू नको. त्याले आण तुह्याजवळ."

प्राचीनं बाळ घेतलं. जमेना. बाळानं टाहो फोडला, सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. काकूंचा हात ओढणीसकट पुढे आलाच.

"आई, थांब! मले दिसू दे."

रडता रडता बाळानं आऽ केलं. प्राचीनं ते पाहिलं आणि झटकन जवळ ओढलं. रडं थांबलं. मग घोट. मग दुसरा.

काकू तिथंच स्टुलावर बसल्या. "मले वाटलं होतं, मले दूधच नाही. हिले बाटलीवर वाढवलं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "सासूनं मले आत बसवून दार लावून घेतलं होतं. मले तरी कोणी दाखवलं?"

सकाळपासून त्यांच्यावर डाफरत होते मी. त्यांना पाण्याचा ग्लास दिला.

संध्याकाळी मॅडमनी बाळ पिताना पाहिलं. "पावडर नको, उद्या वजन बघू." दुसऱ्या दिवशी घसरण थांबली.

डिस्चार्जच्या सकाळी प्राची पाजत होती. भेटायला आलेली तिची वहिनी आपल्या लहान मुलीला म्हणाली, "चल वं, बाहेर बसू."

"राहू दे तिले," काकू म्हणाल्या आणि पोरीला खाटेवर जागा करून दिली. "पाहू दे."

आता नव्या बाळंतिणीला मी आधी तोच प्रश्न विचारते, कोणाला पाजताना बघितलंयस? खाटेभोवतीचा पडदा ओढायला हात नंतर.