चढावरचं घर

बंगळूर पठारावर वसलेलं आहे, हे मला शाळेपासून पाठ होतं. पठार म्हणजे सपाट, हे माझं मीच ठरवलं होतं. पुण्याहून निघताना माझी लेडीज सायकल रेल्वेच्या मालडब्यात टाकली ती याच भरवशावर. आमचे हे माझ्या आधी तिथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून रुजू झाले होते. पत्रातून त्यांनी थंड हवेचं वर्णन केलं, लोण्याचं केलं, फुलांच्या बाजाराचं केलं. चढांबद्दल अवाक्षर नाही. कारखान्याची बस त्यांना कोपऱ्यावरून उचलायची आणि कोपऱ्यावर आणून सोडायची. बसमध्ये बसणाऱ्याला चढ कळत नाही. तो पोटऱ्यांना कळतो.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. यांच्या एका मित्राने चामराजपेटेत दोन खोल्या तात्पुरत्या दिल्या होत्या. पहिल्याच रविवारी मी कॅरियरवरच्या वेताच्या खुर्चीत आमच्या तीन वर्षांच्या लेकीला बांधलं आणि बसवनगुडीकडे निघाले. तिथल्या एका मुलींच्या शाळेत जूनपासून मी गणित शिकवणार होते. थोडं अंतर जाते तो रस्ता माझ्यासमोर उभाच राहिला. मी उतरले, ढकलत वर गेले, पुन्हा बसले, आणि पुढच्या वळणावर दुसरा चढ. धापा टाकत मी भर रस्त्यात म्हणाले, "हे मेले चढ कुणी करून ठेवलेत इथे?" मागून लेक म्हणाली, "आई, ढकल ना!"

मला खरंच धक्का बसला होता. फसवल्यासारखं वाटत होतं, आणि भूगोलाच्या पुस्तकाशी भांडता येत नव्हतं.

माझी अडचण सरळ होती. शाळेने मला नोकरी दिली होती आणि लेकीला तिथल्या बालवर्गात बसवायची परवानगीही दिली होती. आता घर असं हवं होतं, की जिथून मी तिला मागे बसवून रोज सुखरूप नेऊ-आणू शकेन. तसं घर नाही मिळालं तर नोकरी नको, असं यांचं म्हणणं. "पोरीच्या जिवापेक्षा तुझी बीजगणितं मोठी आहेत का?" असं ते चहा पिता पिता विचारत. "मला दोन्ही हवं आहे," असं मी म्हणे. पण रात्री डोळे मिटले की खुर्चीचा पट्टा तुटलेला दिसे, हेही खरं.

भर म्हणून अख्खं शहर मला घाबरवायला बसलं होतं. बायकांनी सायकल चालवणं तिथे नवीन नव्हतं, पण पाचवारी खोचून, मागे मूल बांधून चढ चढणारी बाई बहुधा नवीन असावी. जटक्यातून म्हणजे तिथल्या टांग्यातून, दुकानांच्या फळ्यांवरून, नळावरून बायका ओरडायच्या, "मगु बीळत्ते! मगु बीळत्ते!" शेजारणीने अर्थ सांगितला: मगु म्हणजे मूल, बीळत्ते म्हणजे पडेल. माझं कानडी इथून सुरू झालं. पहिलं वाक्य कोणतं शिकले, तर मूल पडेल!

घरं मी रोज बघत होते. 'टु लेट'च्या पाट्या तेव्हा फाटकाफाटकावर लटकलेल्या असत. मी आधी घर बघायचेच नाही, रस्ता बघायचे. एका मालकांनी छाती काढून सांगितलं, की इथून शाळेपर्यंत नुसता उतार आहे. मी विचारलं, "आणि येताना?" ते म्हणाले, "येताना सुद्धा हाच रस्ता." दुसऱ्या घरी आमची जात, पोटजात, कांदा-लसूण सगळं विचारून झाल्यावर मालकीणबाईंनी शेवटचा प्रश्न टाकला, की सायकल तुमचे यजमान चालवतात ना? मी चालवते म्हटल्यावर घर आधीच दिलेलं निघालं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यातलीच गत. तिसरं घर सपाट रस्त्यावर होतं, पण तो रस्ता बाजाराचा, बैलगाड्या आणि बसगाड्या एकमेकींना घासून जाणारा. तिथे मी सायकलवरून उतरलेसुद्धा नाही.

मग बसवनगुडीतलं ते घर दिसलं. आतला शांत रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, आणि हळूहळू वर जाणारा एकच लांब चढ. घर अगदी वरच्या टोकाला. लेकीला मागे बसवून, अर्धा रस्ता सायकल ढकलत फाटकाशी पोचले तेव्हा माझा श्वास छातीत मावत नव्हता. सवयीने तोंडातून निघालंच, "हे मेले चढ!"

ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते. ते एकदम प्रसन्न झाले आणि इंग्रजीत म्हणाले, "हो, हो, वर, अगदी वर! या, बसा." मला वाटलं, मोठे रसिक आहेत, बाईच्या शिव्याही हसून घेतात.

ते सरकारी बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. मालकीणबाई आतून आल्या, ठेंगण्या, नाकात दोन्हीकडे चमक्या, आणि आल्या आल्या त्यांनी लेकीची हनुवटी धरली. त्यांना मराठी येत नव्हतं, इंग्रजी नव्हतं, आणि माझं कानडी तुम्हाला माहीतच आहे. तरी आमचं बोलणं चालू राहिलं. खोल्या उजेडाच्या होत्या. बाजूने गच्चीवर जाणारा दगडी जिना होता, त्याला कठडा नव्हता. मागे विहीर होती, तिचं तोंड बुटकं होतं. दोन्ही गोष्टी मी मनात टिपून ठेवल्या.

आता प्रश्न उरला चढाचा. मागे ओझं घेऊन तो एका दमात चढता येतो का, हे मला बघायचं होतं. पण लेक तोवर मोगऱ्याच्या कळ्या वेचायला बसली होती आणि खुर्चीत बसायला तयार नव्हती. मालकीणबाईंनी खुणेने सांगितलं, राहू दे तिला, तू जाऊन ये. मग त्या आत गेल्या आणि नाचणीचं अर्धं भरलेलं पोतं घेऊन आल्या, अंदाजाने लेकीच्याच वजनाचं. आम्ही दोघींनी ते वेताच्या खुर्चीत बांधलं. मला ती बाई त्या क्षणी फार आवडली.

मी उतरून खाली गेले, सायकल वळवली आणि चढायला लागले. दात-ओठ खाऊन, पण एकदाही न उतरता मी वर आले! वाटेत एका बाईने पोत्याकडे बघून सवयीने "मगु बीळत्ते" म्हटलं, त्याचंसुद्धा मला हसू आलं. घर मिळालं, नोकरी मिळाली, पोर सुखरूप जाणार-येणार. मी फाटकातूनच घंटी वाजवली.

अंगणात लेक नव्हती. मोगऱ्याखाली वेचलेल्या कळ्या तशाच पडल्या होत्या.

मालकीणबाई पायरीवर भाजी निवडत होत्या. मी विचारलं, "मगु?" त्या माझ्याकडे बघून छान हसल्या आणि म्हणाल्या, "मगु मेले होयतु."

मगु म्हणजे मूल, हे मला माहीत होतं. आणि मेले म्हणजे काय, हे कोणत्या मराठी आईला शिकवावं लागतं? सायकल हातातून सुटली. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते खोटं आहे. जमीन तिथेच असते, आपल्याला पाय नसतात. मी परत विचारलं, "मगु?" त्या बाईने हसत हसतच बोट वर केलं, सरळ आभाळाकडे, आणि मान डोलावली. "मेले, मेले."

ही बाई वेडी आहे, असं मला वाटलं. माझं मूल मेलं आहे आणि ही हसते आहे, देवाकडे बोट दाखवते आहे. मग मला विहीर आठवली. मी घराला वळसा घालून मागे पळाले, विहिरीच्या बुटक्या भिंतीवर ओणवी झाले आणि आत लेकीच्या नावाने हाक मारली. खालून माझाच आवाज आला. पाणी काळं होतं, त्यात काही दिसत नव्हतं. मी पदर खोचला. मला पोहता येत नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं.

"आई, तिथे काय आहे?"

आवाज वरून आला. मी मान वर केली. गच्चीच्या कट्ट्याशी ओव्हरसियर उभे होते आणि त्यांच्या कडेवर माझी लेक, हातात कावळे हाकलायची काठी. त्यांचे सांडगे वाळत घातलेले होते. "आम्हाला तू दिसलीस," ती ओरडली, "पोतं घेऊन येताना दिसलीस!"

मी विहिरीपाशीच मटकन बसले आणि मोठ्याने रडले. परक्याच्या परसात, अनोळखी माणसांसमोर, लहान मुलासारखी. मालकीणबाई धावत आल्या, पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला, आणि त्यांना काहीच कळेना. ओव्हरसियर लेकीला घेऊन सावकाश खाली आले. हुंदके आवरल्यावर मी त्यांना इंग्रजीत विचारलं, की तुमच्या पत्नी मला काय म्हणाल्या? ते गोंधळले. "मूल वर गेलं, असं म्हणाली. मेले म्हणजे वर. पण हे तर तुम्हाला येतं! येताना तुम्हीच तर म्हणालात, मेले, मेले!"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. माझी शिवी त्यांना कानडी वाटली होती. चढून आलेली बाई 'वर, वर' म्हणते आहे, म्हणजे हिला आपली भाषा थोडी येते, या समजुतीने मालकीणबाई माझ्याशी मुद्दाम सोपं बोलल्या होत्या.

मराठीत मेले म्हणजे काय, ते मी सांगितलं. ओव्हरसियरांचा चेहरा उतरला. त्यांनी बायकोला हळू आवाजात कानडीत समजावलं, आणि त्या बाईने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. मग त्या लगबगीने आत गेल्या, मीठ-मिरच्या मुठीत घेऊन आल्या आणि लेकीची दृष्ट काढली. मग माझीही काढली.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. त्यांचाही रंग उडाला. इंजिनियर माणूस, पण म्हणाले, "पहिल्या दिवशी असा शब्द निघाला त्या घरात आपण राहायचं?" मी म्हणाले, "मी त्याच घरात राहणार. चढ मी चढले आहे." का कोण जाणे, पण ज्या बाईने माझ्यासाठी नाचणीचं पोतं आणलं, तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या घरात राहायची माझी तयारी नव्हती. जिन्याला कठडा आणि विहिरीवर जाळी, एवढ्या दोन अटी मी घातल्या. आम्ही राहायला जाईपर्यंत दोन्ही झालेलं होतं.

त्या घरात आम्ही बरीच वर्षं काढली. लेक त्यांना ताता आणि अज्जी म्हणायची, म्हणजे आजोबा आणि आजी. तिच्या जिवाचा धसका माझ्या मनातून हळूहळू गेला, तो ताता असल्यामुळे. शाळा सुटायच्या वेळी ते गच्चीवर उभे राहायचे. आमची सायकल चढाच्या पायथ्याशी दिसली, की वरून खाली बायकोला हाक मारायचे, "बंदरु!" म्हणजे आल्या. मी अर्ध्या चढावर असतानाच कॉफीचं पाणी चुलीवर चढलेलं असायचं. पुढे लेक स्वतःच्या छोट्या सायकलवर माझ्यापुढे जायला लागली, तरी ताता रोज वर उभे असायचेच.

माझं कानडी सुधारलं. मी भाजीवाल्याशी कानडीत भांडायला लागले, स्वप्नंसुद्धा कधी कधी कानडीत पडायची. 'मेले चढ' म्हणणं मात्र मी त्या दिवसापासून सोडलं. आणि अम्मांनी, म्हणजे मालकीणबाईंनी, तो शब्द माझ्यासमोर कधीच उच्चारला नाही. लेक गच्चीवर असली तर नुसतं "महडी" म्हणायच्या, म्हणजे माडी. डबा फळीवर असला तर नुसतं बोट दाखवायच्या. किती साधा शब्द, दिवसातून पन्नासदा लागणारा. तो त्या गिळून टाकतात, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

एकदा लेक शाळेच्या सहलीला गेली होती. मी एकटीच चढ चढून आले. गच्चीवर कुणी नव्हतं. अम्मा पायरीवर बसल्या होत्या, हातात भाजी नव्हती, काहीच नव्हतं. मी विचारलं, "ताता कुठे आहेत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अवरु मेले," त्या म्हणाल्या.

अवरु म्हणजे हे. मी जिन्याकडे पाहिलं आणि सायकल स्टँडवर लावत म्हणाले, "सरी, आमेले नोडतीनि." बरं, मग बघते त्यांना.

अम्मांनी माझा हात घट्ट धरला आणि मान हलवली, नाही, नाही.  तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा शब्द त्या माझ्याशी कधीच बोलत नाहीत. आज तो त्यांनी कानडीतला वापरलाच नव्हता, माझ्या मराठीतला वापरला होता.