तळ्याकाठी बाईंचा वर्ग

कुणी चांगलं बोललं की बाई चष्मा काढत. पदराने सावकाश काचा पुसत, पुन्हा घालत आणि समोरच्याकडे रोखून बघत विचारत, “बोला, काम काय आहे?” एकदा आमच्या पाळकसाहेबांनी उपासनेनंतर त्यांच्या साडीचं कौतुक केलं. बाईंनी चष्मा पुसला आणि संडे स्कूलचा जादा वर्ग घ्यायला आधीच नकार देऊन टाकला. गंमत म्हणजे पाळकसाहेब खरंच तेच विचारायला आले होते.

बाई कर्वेनगरला एकट्या राहत. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. मी कोथरूडला इंग्रजी संभाषणाचे क्लास घेत असे; आमची ओळख चर्चमधली. पोलंडमध्ये एका तळ्याकाठी तिथली ख्रिस्ती मंडळी दर उन्हाळ्यात मुलांसाठी इंग्रजीचं शिबिर भरवत आणि शिकवायला देशोदेशींचे स्वयंसेवक बोलावत. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला जुलै. त्या वर्षी आमच्या चर्चमधून बाई आणि मी निघालो.

बाईंच्या सोसायटीत कुजबुज सुरू झाली. “फुकट शिकवायला एवढ्या लांब? काहीतरी असणार.”

“मलाही तसंच वाटतंय,” बाई शांतपणे म्हणाल्या. “म्हणून तर बघायला चाललेय.”

तिथल्या मुलांच्या आयाही संशय घेण्यात काही कमी नव्हत्या. इंग्रजी शिकवायला साडी नेसलेली बाई? पहिल्या दिवशी दोघीतिघी वर्गाच्या खिडकीशी उभ्या राहून कान देऊन ऐकत होत्या. बाई खूश. “शहाण्या आहेत हो बायका,” मला म्हणाल्या, “खात्री करून घेतात.”

काम मात्र पिट्टा पाडणारं होतं. सकाळी धडे, दुपारी पुन्हा वर्ग, मग खेळ, बायबलमधली गोष्ट, संध्याकाळी गाणी. बाईंचे पाय सुजून चपलेत मावेनासे झाले. जेवताना घास हातात धरून त्यांचे डोळे मिटायचे.

हे शिबिराच्या प्रमुखबाईंच्या लक्षात आलं. त्या उंच, सरळ स्वभावाच्या. त्यांनी येऊन विचारलं, “दुपारचा वर्ग मी घेऊ का? तुम्ही आराम करा.”

“छे, नको नको, कशाला?” बाई म्हणाल्या.

“बरं,” म्हणून प्रमुखबाई निघूनही गेल्या.

बाई त्यांच्या पाठीकडे बघतच राहिल्या. “गेली?”

“तुम्ही नको म्हणालात ना.”

“अगं, एकदाच म्हणाले!”

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला कुणी पोळी मागे नेतं का? पण तिथे आग्रहाची रीत कुणाला ठाऊक! बाईंनी आपला निष्कर्ष काढला. “विचारायचं म्हणून विचारलं. मनात नव्हतं.” आणि तशाच सुजल्या पायांनी उभ्या राहून शिकवत राहिल्या.

मला राहवलं नाही. मी प्रमुखबाईंना गाठलं आणि समजावलं, की आमच्याकडे पहिलं ‘नको’ रीतीचं असतं, तीनदा तरी विचारा. त्या बिचाऱ्या दुसऱ्या दिवशी आल्या, बाईंसमोर उभ्या राहिल्या आणि तोच प्रश्न तीनदा विचारला, प्रत्येक वेळी अगदी त्याच सुरात.

बाईंचा चेहरा उतरला. तिन्ही वेळा त्यांनी ठाम नकार दिला, आणि प्रमुखबाई गेल्यावर माझा हात धरला. “ही माझ्या मागे का लागलीय? माझा वर्ग जाणार बघ.”

मग त्यांनी सांगितलं. शाळेत असताना एकदा मुख्याध्यापिका फार मायेने म्हणाल्या होत्या, बाई, दमलात, थोडे दिवस आराम करा. बाईंनी विश्वास ठेवला. परत आल्या तेव्हा त्यांचा दहावीचा वर्ग दुसऱ्या शिक्षिकेकडे गेलेला होता आणि त्यांना ग्रंथालयात बसवलं होतं. निवृत्तीपर्यंत दहावी काही परत मिळाली नाही.

“बाई, तीनदा विचारायला मीच सांगितलं त्यांना,” मी म्हणाले. “तुमचे पाय बघवेनात.”

बाईंनी सुजलेले पाय चपलेतून बाहेर काढले. “झोप फार येतेय गं,” एवढंच म्हणाल्या. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

अखेर तोड त्यांनीच काढली. दुपारचा वर्ग मी घ्यायचा, पण त्या खोली सोडणार नाहीत. मागच्या भिंतीशी दोन बाकं जोडून त्या आडव्या झाल्या, “नुसती पडतेय, लक्ष आहे माझं,” असं मला बजावलं आणि क्षणात घोरू लागल्या. मुलांनी आपणहून आवाज खाली आणला. सगळा धडा आम्ही कुजबुजत केला. जाग येताच बाई धडपडत उठल्या. मी खडू त्यांच्या हातात दिला आणि बाकावर जाऊन बसले. बाईंनी फळ्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, दारात कुणी उभं आहे का तेही पाहिलं. मग डोळे पुसून शिकवायला लागल्या.

पुढेही जमेल तितके उन्हाळे त्या तळ्याकाठी गेल्या. मला कधी जमायचं, कधी नाही. परतल्या की अंथरूण धरायच्या, आणि बरं वाटलं की पुढच्या वर्षीचे धडे बेतायच्या. सोसायटीतल्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की तिकडे काहीतरी मिळत असणार. मिळत होतंच. आराम करून उठल्यावर वर्ग जागेवर मिळत होता.

बाई गेल्या. स्मरणाच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, “थकवा म्हणजे काय, हे बाईंना ठाऊकच नव्हतं.” लोकांनी माना डोलावल्या. मला राग आला. मला बोलायला उभं केलं तेव्हा योजलेली वाक्यं बाजूलाच राहिली.

“पाळकसाहेब, बाई फार दमायच्या,” मी म्हणाले. “दमले असं सांगायची त्यांना भीती वाटायची. तरी जायच्या.”

गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का, असं पुढच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं. माझ्या हेतूबद्दल शंका आल्यासारखे सगळे माझ्याकडे बघू लागले.

“फार दमायच्या हो,” मी पुन्हा म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.