आण्णांनी धुतलेली वाळू

मला किळस फार लवकर येते. दुधावरची साय, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, ओल्या फडक्याचा वास, कशाचीही. अशा बाईच्या घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी आली, आणि मांडली कुठे, तर नेमकी जेवणाच्या टेबलासमोर.

पेटी सासऱ्यांची. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. विट्याच्या कितीतरी पुरुषांसारखा त्यांचाही जन्म परमुलखात सोनं गाळण्यात गेला, केरळातल्या एका बंदराच्या गावी. म्हातारपणी गलाईचं दुकान दिरांकडे सोपवून परत आले, ते थर्माकोलच्या खोक्यात दोन केशरी मासे घेऊन. सकाळी अंघोळ झाली की स्टूल ओढून काचेपुढे बसायचे आणि माशांशी मल्याळीत बोलायचे. भरभर, हसत, कधी भांडल्यासारखं. आमच्याशी मराठीत दिवसाकाठी चार वाक्यं. त्यांची ती भाषा ऐकून घेणारं घरात त्या दोन माशांखेरीज कुणी नव्हतं.

मासे मला चालले असते. वाळू चालेना. तळाला बोटभर पांढरी वाळू होती, तिच्यावर महिन्याभरात तपकिरी, चिकट थर चढला. माशांचं उष्टं आणि विष्ठा सगळं त्यातच मुरलेलं. आमटीचा भुरका मारून मान वर करावी तर समोर ते. मी तोंडावर सांगितलं, "आण्णा, हे साफ होणार नसेल तर मी आत ओट्यापाशी बसून जेवीन."

"आगं, वाळू साफ करणारी जनावरं मिळत्यात," ते म्हणाले. "आपण दोगं मिळून निवडू."

मग आम्ही शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदारानं मोबाइलवर पाठवलेले व्हिडिओ बघत बसलो. निवड कसली, शिक्षाच. पहिली समुद्री काकडी, म्हणजे सुजलेलं आतडं. एका टोकानं वाळू खायची, दुसऱ्या टोकानं टाकायची. तिला आपल्याकडे बंदी आहे असं दुकानदारच म्हणाला. मी सरकारचे मनापासून आभार मानले. मग दुसऱ्याच्या शंखात राहून मेलेलं चिवडणारा खेकडा. त्याला मी नको म्हटलं. शेवटी वाळूत गाडून घेणाऱ्या आठ गोगलगायी आणि वाळू उकरत फिरणारा एक तारामासा ठरला. रेल्वेनं आलेलं खोकं आण्णांनी मिरजेहून मांडीवर घेऊन आणलं, एसटीनं.

साफ झालं, खोटं कशाला बोलू? थर गेला. पण माशांना खाणं टाकलं की वाळू हलायची आणि गोगलगायींच्या आठ सोंडा एकदम वर यायच्या. त्यात एका सकाळी काचेलगत करंगळीएवढा केसाळ किडा सरपटत गेला. मी हातातला चहा मोरीत ओतला. चार दिवसांनी माझ्या माहेरची माणसं यायची होती.

"आण्णा, वाळूत किडे झालेत! माणसांना काय दाखवू मी?"

"त्ये असत्यात गं वाळूत. कामाचं हाय त्ये." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "बरं. बगतो कायतरी."

मी शाळेत शिकवून घरी आले तर आण्णा अंगणात. गलाईवाला सोनाराच्या दुकानातला केर जाळतो आणि धूत राहतो, सोन्याचा कण दिसेपर्यंत. घाण म्हटली की ती धुऊन काढायची, एवढंच त्या हातांना ठाऊक. गोगलगायी आणि तारामासा बादलीत ठेवून त्यांनी सगळी वाळू उकळत्या पाण्यात टाकली होती आणि आता घमेल्यात घोळून घोळून धूत होते, पाणी निवळ येईपर्यंत. वाळू मिठासारखी पांढरी झाली.

"आता बग," ते म्हणाले. मी खूश झाले.

माणसं यायच्या आदल्या सकाळी तारामाशाच्या हातांची टोकं विरघळू लागली. पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन धापा टाकायला लागले. दुकानदार फोनवर ओरडला, "अहो, वाळू जिवंत असते! घाण पचवणारं सगळं तिच्यातच राहतं, तारामासाही त्याच्यावरच जगतो. ते सगळं तुम्ही उकळून मारलंत." आण्णा बादल्यांत खारं पाणी कालवत राहिले. दुपारपर्यंत दोन्ही मासे आडवे तरंगले. कुजल्याचा असा भपकारा सुटला की मी नाकाला पदर लावला, त्यांच्यादेखत.

साय, सोंडा, किडे, सगळ्यांची मला अजून किळस येते. पण पदर नाकाला लावून दारात उभी राहिलेली ती बाई आठवली की त्याहून जास्त येते.

आण्णांनी मासे, तारामासा, गोगलगायी सगळं परड्यात पुरलं, पेटी रिकामी करून घासली आणि दिवाणखान्यात उदबत्ती लावली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आता वास येत न्हाई न्हवं, पोरी?"

"नाही," मी म्हटलं.

स्टूल आता दाराशी असतं. सकाळी अंघोळ झाली की आण्णा तिथं बसतात, गप्प.