काजलचं उत्तर एकाने जास्त

"हिला पुढं ढकलणं आता आपल्या हातात नाही, मॅडम," मुख्याध्यापक सर म्हणाले. टेबलावर आठवीच्या सहामाहीचा निकाल होता आणि त्यांचं बोट काजलच्या नावावर. आठवीत मुलांना अडवायचा नियम पुन्हा आला होता. वार्षिक परीक्षेत नापास, फेरपरीक्षेतही नापास, तर पुन्हा तोच वर्ग. काजलच्या आईनं आधीच सांगून ठेवलं होतं, की पोरीला एका वर्गात दोनदा बसवणार नाही. नापास झाली तर शाळा बंद आणि भाजीच्या दुकानावर बसेल.

मी तेव्हा सावद्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवत होते. निवृत्ती जवळ आली होती. जाता जाता एक चांगली पोर हातून निसटावी, हे मला सहन होणारं नव्हतं.

कारण काजल ढ नव्हती. समीकरण म्हणजे काय, तर एक संख्या लपलेली असते, ती शोधायची. x + ३ = १०. दोन्ही बाजूंमधून तीन काढा, x सात. काजल पायऱ्या नीट मांडायची, दोन्हीकडून तीन काढायची आणि शेवटी लिहायची, आठ. २x = १२ चं उत्तर सहाऐवजी सात. x − ४ = ५ चं नऊऐवजी दहा. प्रत्येक उत्तर एकाने जास्त. धांदरट मुलं कधी जास्तीकडे चुकतात, कधी कमीकडे. इतकं शिस्तीत चुकणारं मूल मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

मी समजावलं, रागावले, पुन्हा पुन्हा सोडवून घेतलं. ती मान हलवायची आणि परत आठ. का, विचारलं तर खाली बघायची. सरांनी सुचवलं, पाठ करून घ्या. समीकरणं पाठ होत नसतात, असं मी जरा फटकळपणेच म्हटलं. मग आईला कळवून टाका, म्हणाले.

आईला शाळेत यायला सवड नव्हती. म्हणून रविवारी मीच आठवडी बाजारात गेले. थंडीचे दिवस. भरताच्या हिरव्यागार वांग्यांचे ढीग लागलेले, आणि बाजाराच्या कडेला कपाशीच्या काड्यांवर कुणीतरी वांगी भाजत होतं. आता मी जळगावला फ्लॅटमध्ये राहते. गॅसवर वांगं भाजलं की तो वास येत नाही आणि उगाच मन उदास होतं.

काजलच्या आईकडे जुनी तागडी होती, दोन पारड्यांची. तोलायला काजलच होती. मी किलोभर वांगी मागितली. पारडी समान झाली, काटा मधोमध आला, मी पिशवी उघडली. काजलनं एक लहानसं वांगं उचलून वरून टाकलं. वांग्यांचं पारडं खाली बसलं, तेव्हा कुठं तिनं माल पिशवीत ओतला.

"अगं, झालं होतं की बरोबर," मी म्हटलं.

"बरोबर कसं, बाई?" आई म्हणाली. "इतकं तोलूनमापून देलं तं गिऱ्हाईक पुन्हा येईन का? मालाचं पारडं बसलंच पाहिजे."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. समीकरण म्हणजे तराजू, एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन, हे मीच वर्गात सांगितलं होतं. वर्षानुवर्षं तेच उदाहरण देत आले होते. मी काजलला जवळ बोलावलं.

"x म्हणजे माल, असं धरतेस का?"

"हो."

"आणि मग वरून एक टाकतेस?"

"टाका लागते ना, बाई. नाही तं आपण कंजूस दिसतो."

मला हसू आवरेना. तिचं आठ चूक नव्हतं, ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं. तीन मिळवून दहापेक्षा जास्त होईल अशी सगळ्यात लहान पूर्ण संख्या आठच. गणितात याला असमानता म्हणतात. आमच्या बाजारात त्याला झुकतं माप म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी तिला फळ्यापाशी उभं केलं. तागडी तपासायला वजनमापवाले येतात ना, विचारलं. येतात, शिक्का मारतात, म्हणाली. तेव्हा काटा कुठं लागतो? मधोमध, जरासाही हललेला चालत नाही.

"मग बरोबरचं चिन्ह दिसलं की साहेब समोर उभे आहेत असं समज. आणि 'पेक्षा मोठं'चं टोकदार चिन्ह दिसलं की समज बाजार भरलाय."

तिनं खडू घेतला आणि x + ३ = १० पुढं सात लिहिलं. चेहरा मात्र कुणाला तरी फसवल्यासारखा. मी शेजारी x + ३ > १० लिहिलं. तिथं तिचा चेहरा खुलला. "आठ," म्हणाली, आणि न विचारता पुढं, "नऊ बी चालीन, दहा बी चालीन. जास्त देलं तं गिऱ्हाईक कधी नाही म्हणते का?"

वार्षिक परीक्षेत काजल पास झाली. फेरपरीक्षेची वेळच आली नाही. शेवटी पाठच करून घेतलंत ना, सरांनी विचारलं. नाही, तागडीला शिक्का मारून आणला, मी सांगितलं.

त्यातून एवढंच शिकले, की मुलाचं उत्तर चुकलं तर ते कुठल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे, हे आधी शोधावं. निवृत्तीच्या तोंडावर शिकून उपयोग काय, ते विचारू नका.

गेल्या हिवाळ्यात मुद्दाम त्या बाजारात गेले. काजल आता दहावीला आहे. शाळा चालू आहे, रविवारी आईच्या मदतीला बसते. तागडी जाऊन इलेक्ट्रॉनिक काटा आलाय. तिनं वांगी ठेवली, आकडा बरोब्बर एक किलोवर थांबला. हातात एक वांगं धरून ती माझ्याकडे बघायला लागली.

"बाई, आज साहेब नाहीत ना?" तिनं विचारलं आणि वांगं वरून टाकलं.

मी पिशवी पुढं केली.