बूथ गावातच राहिलं

एकदा का तुम्ही बीएलओ झालात, म्हणजे गावची मतदारयादी सांभाळणारी बाई झालात, की फॉर्म संपतात पण किस्से संपत नाहीत. मी शाळेत शिकवते, आणि यादी गळ्यात पडली त्याला आता अकरा वर्षं झाली. भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. भोरच्या कचेरीत आम्ही बीएलओ मंडळी जमलो की साहेब येईपर्यंत हाच उद्योग, तू एक सांग, मी एक सांगते. यंदा मात्र माझीच टकळी बराच वेळ चालली, कारण आमच्या गावचं मतदान केंद्रच उठायला निघालं होतं!

*

सुरुवात आबांपासून करते. आबा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे, आणि ग्रामसभेत मुद्दा काढणारे.

यादी तपासायला त्यांच्या घरी गेले. विचारलं, "आबा, घरात मतदार किती?"

"ऱ्हात्यात तीन, मताला येत्यात अकरा."

"बाकीचे आठ कुठं असतात?"

"हडपसरला. पर मन हितंच हाय त्येंचं!"

म्हटलं, आबा, फॉर्मात मनाचा रकाना नाही. आबा लगेच म्हणाले, "मंग वर कळवा. येवढा मोठा फॉर्म काढला अन् म्हत्त्वाचंच इसरले!"

*

हौसाआजी टेकडीखालच्या घरात राहतात. गुडघे गेलेत, पण एकाही निवडणुकीला चुकलेल्या नाहीत. त्यांच्या मतदार कार्डावरचा फोटो असा काळाकुट्ट आलाय की कपाळावरचं कुंकू तेवढं दिसतं. मी म्हटलं, "आजी, नवा फोटो काढू. हा बघून शाळेत मतदानाला आत सोडणार नाहीत."

"न सोडायला काय झालं? शाळंत मला समदी वळखत्यात. म्या काय परगावात चाललेय?"

हसून बाहेर पडले. तेव्हा कुठं माहीत होतं, की परगावात जायची वेळ खरंच दाराशी येऊन उभी आहे!

*

हौसाआजींचा मुलगा बबन. याला पंचायत समितीला उभं राहायचं होतं. आरक्षणाची सोडत निघायच्या आधीच बॅनर छापून घरात आणून ठेवला. सोडत निघाली, जागा महिलांसाठी राखीव! बबन डगमगला नाही. तसाच बांधावर गेला. बायको भात लावत होती. म्हणाला, "अगं, तुला उभं ऱ्हायचंय."

ती वाकूनच म्हणाली, "उभं ऱ्हायला येळ कुठाय? ह्ये खाचर कोन लावील, तुमचा बॅनर?"

बबन मग दुसऱ्याच एका उमेदवाराचा कार्यकर्ता झाला. उमेदवारानं त्याला प्रचाराला एक जीप दिली. बॅनर आता गोठ्यावर आहे, आणि म्हैस आनंदात आहे.

*

आणि मग ते पत्र आलं. शाळेची मागची भिंत धोकादायक, सबब मतदान केंद्र पलीकडच्या गावात हलवण्याचा प्रस्ताव. हरकत असेल तर ग्रामसभेचा ठराव आठवड्यात पाठवा.

पलीकडचं गाव दिसायला समोर, पण जायचं तर पाण्याला पूर्ण वळसा. माझ्या डोळ्यासमोर पहिल्यांदा हौसाआजीच आल्या. त्यांच्या गुडघ्यांना तो रस्ता झेपणार नव्हता. बबनला सांगितलं तर तो म्हणतो, "त्यात काय बाई? म्या जीप लावतो की. समद्या म्हाताऱ्यांना नेतो अन् आनतो."

हौसाआजी ओट्यावर बसून ऐकत होत्या.

ग्रामसभा दोन दिवसांवर होती. तिची विषयांची नोटीस मात्र आधीच निघालेली, तेव्हा हा विषय ऐनवेळी घ्यायचा ठरला. आता आमच्याकडची पद्धत सांगते. ग्रामसभेला ठरावीक माणसं हजर नसली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला कितीही माणसं चालतात. हे गावाला तोंडपाठ! त्यामुळे पहिल्या सभेला कुणी येतच नाही. सगळे देवळाबाहेर पारावर बसतात, भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, आतून "तहकूब" म्हणाले की उठून आत येतात.

त्या दिवशीही तसंच. आत भाऊसाहेब, सरपंचबाई, मी आणि एक कुत्रं. भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सहज म्हणाले, "बाई, तुमच्या बूथचं अवघड आहे हं. तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही."

मी तशीच बाहेर पळाले. "अहो, आत चला! सगळे आत चला!"

पारावर अख्खं गाव. कुणी हलेना. आबा शांतपणे म्हणाले, "आजून तहकूब झाली न्हाई बाई. आदी आत कसं येनार? शिस्त हाय गावाला!"

तेवढ्यात आतून भाऊसाहेबांचा आवाज आला, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब!" आणि गाव शिस्तीत उठून आत आलं. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. कसंबसं सगळं समजावून सांगितलं. आबांचा चेहरा उतरला. मग कंडक्टरकीतला सूर लागला, "भाऊसाएब, रजिस्टरात लिवलं का?"

"पेन उघडतोय."

"मंग टोपान लावा! समदी हितं हायेत, मोजून घ्या!"

भाऊसाहेबांनी मोजलं. पुन्हा मोजलं. पहिल्याच सभेला माणसं पुरण्याची त्यांच्या नोकरीतली ही पहिली वेळ! ठराव एकमतानं झाला, बबनचाही हात वर होता. भाऊसाहेब मला हळूच म्हणाले, "वरती कुणी विश्वास ठेवणार नाही हो. फोटो काढू का?"

*

ठराव झाला, पण शाळा नाही तर जागा कुठली? व्यायामशाळा. बांधल्यापासून तिथं व्यायाम फक्त भाताच्या पोत्यांनी केलेला. गावानं सकाळपासून खपून ती रिकामी केली. दारावर पुढाऱ्याच्या नावाची पाटी होती. आचारसंहिता लागलेली, म्हणून भाऊसाहेबांनी तिच्यावर रद्दी पेपर चिकटवला. खाली उतरून बघतात तर पेपरात त्याच पुढाऱ्याचा वाढदिवसाचा पानभर फोटो!

आबा म्हणाले, "नाव झाकलं, अन् थोबाड उघडं पडलं!"

पेपर उलटा करून लावेपर्यंत तपासणीचे साहेब हजर. "रॅम्प आहे?" होता! दोन तासांपूर्वीच केलेला. "सर, थांबा," म्हणेपर्यंत साहेबांचा उजवा बूट घोट्यापर्यंत सिमेंटात. मला वाटलं, गेलं आपलं केंद्र.

आबा पुढं झाले, साहेबांना हात दिला. "ऱ्हाऊ द्या साएब, तसंच वाळू द्या. आता ह्ये केंद्र हलवायचं म्हनलं तर तुमचा पाय बी संगं न्यावा लागंल!"

साहेब आधी बुटाकडं बघत राहिले, मग हसले, आणि मोटारीच्या बॉनेटवरच शेरा लिहिला. केंद्र गावातच! इतकं सुटल्यासारखं मला बदलीची ऑर्डर रद्द झाली तेव्हाही वाटलं नव्हतं. त्या दिवशी साहेबांसकट सगळ्या गावानं सरपंचबाईंच्या घरी चहा प्यायला, साहेबांनी एका पायात चप्पल घालून.

*

मतदानाच्या दिवशी हौसाआजी काठी टेकत एकट्या आल्या. मध्ये दोनदा बसल्या, पण आल्या. रॅम्प चढल्या. बोटाला शाई लावून बाहेर आल्या तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की यादी शाळेतल्या दुसऱ्या बाईंकडं देऊन त्यांना वळणापर्यंत पोचवायला गेले.

वळणावर, केंद्राच्या हद्दीबाहेर, बबनचं टेबल. पलीकडं त्याची जीप उभी. पुढ्यात यादी, आणि यादीत आईच्या नावापुढं त्यानं सकाळीच टिक करून ठेवलेली. आईला पाहून उठला, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग जरा वाकून, आवाज बारीक करून विचारलं, "आये, बराबर दाबलं न्हवं?"

हौसाआजींनी आधी सगळं पाणी पिऊन घेतलं. पेला टेबलावर ठेवला.

"जीपमदनं आले असते तर बराबर दाबलं असतं," त्या म्हणाल्या. "आज चालत आलेय!"